ला रू यांचा पहिला अल्बम: ऐंशीच्या दशकाची नक्कल, की दुसरेच काही?

डेक्कनचा श्रोता यांचा प्रश्न

नमस्कार. पाश्चात्त्य पॉप संगीतातला मी जाणकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरी भावगीते आणि नाट्यगीते वाजत. पाश्चात्त्य म्हणून जे काही कानांवर पडले ते महाविद्यालयाच्या वसतिगृहात, १९८४ ते १९८७ या तीन वर्षांत, आणि तेही एका कॅसेटवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर उतरवलेले, ज्यात गाण्याइतकीच फितीची सरसरही ऐकू येत असे. गायकांची नावे आम्हाला माहीत नसत. कॅसेटच्या पाठीवर बॉलपेनने ‘इंग्लिश, नवीन’ एवढेच लिहिलेले असे.

गेल्या महिन्यात वाईला जाताना मुलीने गाडीत एक अल्बम लावला. खंबाटकी घाट चढेपर्यंत तीन गाणी झाली आणि मी तिला अगदी खात्रीने सांगितले की ही कॅसेट आमच्या खोलीत होती. ती हसली. हा अल्बम २००९ सालचा असून ‘ला रू’ या ब्रिटिश नावाखाली तो निघाला, त्याचे नावही ‘ला रू’ असेच आहे, आणि गाणारी एली जॅक्सन १९८८ साली जन्मली, असे तिने मला ऐकवले. म्हणजे मी वसतिगृह सोडले तेव्हा ही बाई जन्मलीही नव्हती.

तेव्हापासून मी तो अल्बम दहा-बारा वेळा ऐकला आहे आणि माझ्या मनात दोन प्रश्न आहेत. पहिला असा की, चाल नवी, गाणारी नवी, ध्वनिमुद्रण नवे, तरीही ज्या गोष्टीमुळे माझ्या कानाने क्षणात ‘१९८५’ असा शिक्का मारला ती गोष्ट नेमकी कोणती? वाद्ये, ताल, आवाज, की फक्त माझी आठवण? दुसरा प्रश्न जरा अवघड आहे. ज्या काळात आपण जगलोच नाही त्या काळाचा आवाज इतका हुबेहूब उभा करणे याला कला म्हणावे की उत्तम नक्कल? मुलगी म्हणते की हा प्रश्न विचारणे हेच वय झाल्याचे लक्षण आहे, पण त्याने उत्तर मिळत नाही.

एक उपप्रश्न राहिला. ला रू ही दोघांची जोडी आहे असे वाचले, परंतु चित्रफितींत आणि छायाचित्रांत तांबड्या केसांचा उभा तुरा असलेली ती एकटीच दिसते. मग दुसरा कोण, आणि तो करतो काय?

ऑर्केस्ट्रातला पेटीवाला यांचे उत्तर

आपला कान फसलेला नाही. मी १९८३ पासून जवळजवळ अठरा वर्षे पुण्यातल्या वाद्यवृंदांत की-बोर्ड वाजवला. गणेशोत्सवात एका रात्री दोन-दोन मंडळांचे कार्यक्रम केले आहेत. त्या दशकाचा आवाज मी ऐकला त्याहून अधिक तो खांद्यावर वाहिला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

१९८० च्या आसपासचे सिंथेसायझर अ‍ॅनालॉग होते. त्यांचा स्वर विजेच्या दाबावर ठरत असे आणि यंत्र तापले की तो किंचित सरकत असे. दोन स्वरनिर्माते एकाच सुरावर लावले तरी त्यांच्यात केसभर फरक राही आणि त्या फरकामुळे आवाजाला जाडी येई. तानपुऱ्याच्या जोडाच्या दोन तारा अगदी एकजीव होण्याआधी जी लाट ऐकू येते तिच्या जातीची ही गोष्ट आहे. त्यावर फिल्टर असे. तो उघडला की आवाज तोंड उघडल्यासारखा लख्ख होई आणि मिटला की घशात गेल्यासारखा घुमे. मग १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ आला. त्याची पद्धतच वेगळी होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या एफएम पद्धतीवर, म्हणजे एका लहरीने दुसरीची कंपने बदलण्याच्या पद्धतीवर, तो चाले, आणि त्यातून काचेच्या घंटांसारखे, टणक, थंड स्वर निघत. त्याच वर्षी मिडी नावाची सोय आली आणि एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला जोडता येऊ लागले. आमच्या संचात डीएक्स-७ आला तो बराच उशिरा आणि भाड्याने. कार्यक्रमाच्या रात्री त्याच्यावर चहा सांडू नये म्हणून एक माणूस वेगळा नेमलेला असे, हे आज कोणाला खरे वाटणार नाही.

मात्र, माझ्या मते आपल्या कानाने वाद्यापेक्षा काळ ओळखला. मी घड्याळाच्या काळाबद्दल बोलतो आहे. तबलजी कितीही लयीचा पक्का असला तरी त्याचा ठेका श्वास घेतो. समेच्या अलीकडे तो किंचित ओढतो, मुखड्याला थोडा पुढे सरकतो. त्या काळातील ताल-यंत्रांना हे जमत नव्हते. रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे १९८० साली आले आणि त्यातले ढोल, टाळी, झांज हे सगळे आवाज विजेने बनवलेले होते. लिनड्रम या दुसऱ्या ताल-यंत्रात खऱ्या ड्रमचे आवाज साठवलेले होते, तरी वाजवणारा हात नव्हताच. सिक्वेन्सरवर, म्हणजे ठरवून दिलेले स्वर आपोआप वाजवणाऱ्या यंत्रावर, बसवलेल्या खालच्या स्वरांच्या ओळीत प्रत्येक स्वर तेवढ्याच वजनाचा आणि तेवढ्याच अंतरावर पडे. या अल्बममधले ‘बुलेटप्रूफ’ हे गाणे लावून पाहा आणि गायिकेकडे मुद्दाम दुर्लक्ष करून फक्त खालची ओळ ऐका. शिंप्याच्या यंत्राची टीप जशी पडत जाते तशी ती पडते. या शिस्तीवर माणसाचा आवाज मोकळा सोडला की दोघांतला फरक झळाळतो. ऐंशीच्या दशकाची मोहिनी होती ती या फरकात, असे मला वाटते.

आपण म्हणालात ‘१९८५’. मी तारीख जरा आधीची, १९८१ ते १९८३ अशी लावेन. दशकाच्या उत्तरार्धाची मुख्य खूण म्हणजे ड्रमचा तो प्रचंड, पण मध्येच कापल्यासारखा थांबणारा घुमारा. तो १९७९ साली लंडनमध्ये पीटर गॅब्रिएल या गायकाच्या तिसऱ्या अल्बमच्या वेळी सापडला. ड्रमवर फिल कॉलिन्स होते आणि ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगॅम. मोठ्या खोलीचा घुमारा पकडायचा आणि तो विरण्याआधीच दार लावून घ्यावे तसा तोडायचा, अशी ती युक्ती. पुढे जिकडेतिकडे तोच आवाज झाला. ला रूच्या अल्बममध्ये तो फारसा नाही. ताल कोरडा आहे, थर मोजके आहेत, वरचे स्वर पातळ आणि टोकदार आहेत. याझू, सॉफ्ट सेल, युरिदमिक्स या ब्रिटिश संचांचे सुरुवातीचे काम ज्यांनी ऐकले आहे त्यांना हे घर लगेच ओळखू येईल.

ही तिन्ही नावे जोड्यांचीच आहेत, आणि आपल्या उपप्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. व्हिन्स क्लार्क हे डेपेश मोड या संचाच्या पहिल्याच अल्बमनंतर १९८१ साली बाहेर पडले, त्यांनी अ‍ॅलिसन मोये यांच्याबरोबर याझू सुरू केले आणि १९८२ साली दोघांचाच अल्बम काढला. युरिदमिक्स म्हणजे अ‍ॅनी लेनॉक्स आणि डेव्ह स्टुअर्ट. त्यांचा १९८३ चा गाजलेला अल्बम आठ ट्रॅकच्या साध्या यंत्रावर झाला. ड्रमर, बेसवाला, गिटारवाला या तिघांचे काम यंत्रांनी उचलले तेव्हा खोलीत दोनच माणसांची गरज उरली: एक यंत्रापाशी बसणारा आणि एक गाणारा. इकडे ऑक्टोपॅड हे विजेवरचे तालवाद्य आले तेव्हा आमच्या संचातल्या बोंगो-कोंगोवाल्याला आधी निम्म्या कार्यक्रमांना बोलावणे येईनासे झाले आणि दोन वर्षांत ते पूर्ण थांबले. त्यामुळे या आवाजाबद्दल माझ्या मनात प्रेमाबरोबर थोडी अढीही आहे.

ला रूमध्ये यंत्रापाशी बसणाऱ्याचे नाव बेन लँगमेड. गाणी दोघांनी मिळून रचली आणि निर्मितीही दोघांची. पण लँगमेड यांना छायाचित्रांत, मुलाखतींत, रंगमंचावर यायचे नव्हते. आपल्याकडच्या संगीत-संयोजकासारखेच म्हणायचे. गाण्याचा अर्धा जीव त्यांच्या हाती असतो आणि कॅसेटवर नाव शोधून सापडत नाही.

मारवा यांचे उत्तर

मी ख्याल शिकते आणि या अल्बमवर माझे विद्यार्थिदशेपासून प्रेम आहे, त्यामुळे नकलेच्या मुद्द्यावर मला बोलायलाच हवे.

एखादी तरुण गायिका सवाई गंधर्व महोत्सवात किराणा घराण्याच्या अंगाने स्वर लावते तेव्हा ‘हिने १९३५ ची नक्कल केली’ असे आपण म्हणत नाही. तिने एक बोलण्याची रीत आत्मसात केली, असे म्हणतो, आणि त्या रीतीने ती स्वतःचे काही बोलते का, एवढेच पाहतो. एली जॅक्सन लहानपणी निक ड्रेक आणि जोनी मिचेल यांच्या गाण्यांवर वाढली, म्हणजे गिटार आणि आवाज एवढ्यावर उभ्या असलेल्या संगीतावर. लँगमेड यांच्याबरोबर तिने सुरुवात केली तीही गिटारवरच्या गाण्यांनी. सिंथेसायझर नंतर आले. घरातून आलेली सवय सोडून तिने ही रीत समजून-उमजून निवडली, हे लक्षात घ्यायला हवे.

‘कलरलेस कलर’ हे गाणे पुन्हा ऐकावे. आवाज सगळा ऐंशीच्या दशकाचा, पण शब्दांत येतात ती नव्वदच्या सुरुवातीची घरसजावट आणि उडून गेलेले रंग. १९८८ साली जन्मलेल्या मुलीचे बालपण नेमके तेच. तिच्या दृष्टीने हा आवाज म्हणजे आपण पोहोचण्याआधी संपलेल्या समारंभाच्या खोलीत अजून न काढलेल्या पताका. ज्याने तो समारंभ पाहिला, तो हे गाणे रचूच शकला नसता.

आणखी एक दाखला देते. ‘इन फॉर द किल’ या गाण्याचा स्क्रीम या लंडनमधील क्रॉयडनच्या, डबस्टेप (खोल खर्जावर उभे असलेले नृत्यसंगीत) करणाऱ्या संगीतकाराने २००९ सालीच एक वेगळा अवतार केला. त्याने तिचा उंच, कापरा आवाज तसाच ठेवला, ताल जवळजवळ काढून टाकला, खाली छातीत घुमेल असा खर्ज ठेवला आणि शेवटाकडे एकदम तुकड्या-तुकड्यांचा वेगवान ड्रम सोडला. त्या अवतारात ऐंशीच्या दशकाचा मागमूसही नाही. म्हणजे दशक चालीत नव्हते आणि आवाजातही नव्हते. ते सगळे मांडणीत होते. बंदिश तीच, पण विलंबितात बांधली की वेगळी आणि द्रुतात वेगळी, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

आपण विचारले नाही, तरी नावाविषयी एक गंमत सांगते. फ्रेंचमध्ये ‘रू’ म्हणजे तांबड्या केसांचा पुरुष. त्याला ‘ला’ हे स्त्रीलिंगी उपपद लावले आहे. व्याकरणात ते बसत नाही, आणि ती स्वतःही कोणत्या एका चौकटीत बसायला तयार नव्हती, म्हणून नाव शोभते.

निंदकाचे घर यांचे उत्तर

घराण्याची उपमा ऐकायला गोड आहे, पण ती इथे लागू पडत नाही. घराण्यात गुरू समोर असतो, तो चुका काढतो, वर्षे जातात, आणि शिष्याने स्वतःची भर घातली नाही तर रसिक तोंडावर सांगतात. जुन्या तबकड्या ऐकून तसाच आवाज काढणे याला आपल्याकडेही ‘अमक्याचा आवाज’ म्हणून वाद्यवृंदात गाणे म्हणतात. त्यात कौशल्य असते, हे मी नाकारत नाही.

याच अल्बममधले ‘क्विकसँड’ ऐकताना प्रिन्स यांचे १९८४ चे एक अतिप्रसिद्ध गाणे माझ्या डोक्यातून हटत नाही, आणि असे म्हणणारा मी पहिला नाही. अल्बम निघाला तेव्हाही ही तुलना झाली होती.

माझा खरा आक्षेप मात्र धाडसाविषयी आहे. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग या हिंदी चित्रपटसंगीतातल्या वादकाने टीआर-८०८ हे ताल-यंत्र, टीबी-३०३ हे खालच्या स्वरांचे यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर ही रोलँडची तीन यंत्रे जोडून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले आणि त्याची तबकडी काढली. ती फारशी कोणी विकत घेतली नाही. पुढे १९८७ साली शिकागोतल्या तरुणांनी तसल्याच टीबी-३०३ मधून अ‍ॅसिड हाऊस हा नृत्यसंगीताचा प्रकार जगापुढे आणला, आणि २०१० साली चरणजित सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे थक्क झाले. यंत्र नवे असताना, त्याचे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नसताना, त्या माणसाने काहीतरी करून पाहिले. तसला आवाज सत्तावीस वर्षांनी, त्याचे काय होते हे सगळ्यांना ठाऊक झाल्यावर वापरणे ही सुरक्षित गोष्ट आहे. ला रूच्या या अल्बमला २०११ साली इलेक्ट्रॉनिक-नृत्य विभागातला ग्रॅमी मिळाला याचे मला आश्चर्य वाटत नाही. ओळखीच्या चवीला पारितोषिके लवकर मिळतात.

डेक्कनचा श्रोता

तिघांचेही आभार. पेटीवाले साहेबांच्या सांगण्याप्रमाणे मी ‘बुलेटप्रूफ’ फक्त खालच्या ओळीसाठी ऐकले, आणि ती टीप मला आता कोणत्याच गाण्यात ऐकू येण्याची थांबत नाही. काल रिक्षात वाजत असलेल्या एका लावणीखालीसुद्धा ती होती.

मारवाताईंच्या पताका मला पटल्या. निंदकांचे धाडसही पटले. दोन्ही एकाच वेळी पटणे बरोबर नसावे, पण तसे झाले खरे. निंदकांना एवढेच विचारतो की २००९ सालच्या इंग्लंडात हा आवाज खरोखरच सुरक्षित होता का? आमच्या आठवणीत तर नव्वदच्या दशकात हाच आवाज हास्यास्पद ठरला होता. माझ्या धाकट्या भावाने माझ्या कॅसेटींवर गिटारवाली गाणी उतरवून घेतली, तेव्हा त्याने मला विचारलेसुद्धा नव्हते.

निंदकाचे घर

प्रश्न रास्त आहे. २००९ पर्यंत वारे फिरले होते. बीबीसीने त्या वर्षीच्या सुरुवातीला होतकरू कलावंतांची जी यादी काढली, तिच्यात पहिली लिटल बूट्स होती आणि ला रूही पहिल्या पाचांत होते. दोघींच्याही हाती सिंथेसायझर. जूनमध्ये ‘बुलेटप्रूफ’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. परंतु त्यांनी सुरुवात केली तेव्हा वारे कुठे होते, हे आपण विचारता आहात, आणि तिथे मी एक पाऊल मागे येतो. गिटार ठेवून देऊन असली कोरडी, विनोदी समजली जाणारी यंत्रे उचलायला तेव्हा थोडे धाडस लागले असेल. थोडेच, आणि चरणजित सिंग यांच्याइतके निश्चित नाही.

फेडर यांचे उत्तर

मी कोथरूडमध्ये एका लहान स्टुडिओत ध्वनिमिश्रणाचे काम करतो. अल्बम १९८२ चा वाटतो हे खरे, पण तो १९८२ चा नाही हेही कानांनी सिद्ध करता येते, आणि ‘हुबेहूब’ या शब्दाला माझी हरकत तिथूनच सुरू होते.

पहिली गोष्ट खर्जाची. त्या काळी शेवटी सगळे तबकडीवर उतरायचे असे. तबकडीच्या खाचेत फार खोल आणि रुंद खर्ज घातला तर सुई उडते, म्हणून तो आवरून आणि मध्यभागी ठेवावा लागे. शिवाय खोल खर्जाला खाच रुंद लागते आणि बाजूवर मावणारी मिनिटे कमी होतात. २००९ च्या मिश्रणात अशी कोणतीच अडचण नव्हती. ‘इन फॉर द किल’ चांगल्या स्पीकरवर ऐका. तळाचा जो भरीवपणा आहे तो याझूच्या मूळ तबकडीत सापडणार नाही.

दुसरी गोष्ट पातळीची. १९८० च्या दशकातल्या ध्वनिमुद्रणात हळू आणि मोठा यांत बरेच अंतर राखलेले असे. २००० नंतरच्या दशकात सगळ्यांना आपले गाणे शेजारच्या गाण्याहून मोठे हवे होते. हळू भाग उचलायचे, शिखरे दाबायची आणि सगळी लांबी एका उंचीवर आणायची, अशी पद्धत होती. २००८ साली मेटॅलिका या रॉक संचाच्या एका अल्बमवरून तर श्रोत्यांनीच तक्रार केली होती. ला रूचा अल्बम त्या टोकाला गेलेला नाही, तरी तो त्याच काळाचा आहे. संगणकावर त्याच्या ध्वनीचे चित्र उघडले तर डोंगररांग दिसत नाही, विटांची भिंत दिसते. तीन गाण्यांनंतर कान थकतो तो याच कारणाने. घाट चढेपर्यंत तीनच गाणी झाली म्हणून बरे झाले. पुढे साताऱ्यापर्यंत गेला असतात तर आपण खिडकी उघडली असती.

तिसरी गोष्ट गायनाची. आवाज अगदी पुढे, जवळजवळ कानाला लागून ठेवला आहे, घुमारा अत्यल्प. १९८२ साली इतकी जवळीक कोणी ठेवत नसे असे नाही, पण आज हेडफोन लावून ऐकणाऱ्यासाठी केलेले मिश्रण लगेच ओळखू येते. ‘आर्मर लव्ह’मध्ये लय उतरते आणि भोवतीचा पसारा कमी होतो, तिथे हे सर्वांत स्पष्ट आहे. माझ्या मते अल्बममधले सर्वांत चांगले गाणे तेच, आणि ते फारसे कोणी लावत नाही.

याउलट ‘टायगरलिली’मध्ये मध्येच एक भारदस्त पुरुषी आवाज भयकथेच्या निवेदकासारखा बोलू लागतो. तो तिच्या वडिलांचा आहे. तिथे मात्र ऐंशीच्या दशकाचे प्रेम जरा उतू गेले आहे. तेवढा अर्धा मिनिट मी नेहमी पुढे ढकलतो.

नकलेच्या वादात मला पडायचे नाही, पण एक घडलेली गोष्ट सांगतो. १९८० पासूनचे सिंथेसायझरवाले हेवन १७ आणि ला रू यांनी २०१० साली बीबीसीच्या रेडिओसाठी एकत्र वादन-गायन केले. ज्यांची नक्कल केली असे म्हणायचे तेच शेजारी उभे राहिले, तेव्हा जोडलेला सांधा ऐकू येतो का, हे निंदकांनी अवश्य तपासावे.

मारवा

२०१४ चा दुसरा अल्बमही यात धरायला हवा. तोवर लँगमेड बाहेर पडले होते आणि नाव तेच राहिले तरी जोडी मोडली होती. त्यात गिटार आहे, डिस्कोची ऊब आहे, आवाजही खालच्या पट्टीत उतरला आहे. मला तो अधिक परिपक्व वाटतो, परंतु पहिल्यातली ती टणक थंडी त्यात नाही. गाणारी तीच असून घर बदलले, यावरून पडद्यामागच्या माणसाचा वाटा किती होता याचा अंदाज येतो.

ऑर्केस्ट्रातला पेटीवाला

अगदी बरोबर. आमच्याकडे अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल यांची ‘अनिल-अरुण’ जोडी होती तेव्हा कोणती जागा कोणाची, यावर आम्ही वादक रात्ररात्र पैजा लावत असू. जोडी ऐकताना अर्धा आनंद त्या ओळखण्यात असतो. फेडर यांच्या खर्जाच्या मुद्द्याला माझे अनुमोदन. आमच्या काळी मांडवातल्या कर्ण्यांतून तो ऐकूच येत नसे, त्यामुळे आम्ही त्याची चिंता कधी केली नाही.

डेक्कनचा श्रोता

फेडर, आता एक पोरकट शंका. हा अल्बम मी कॅसेटवर उतरवून घेतला तर तो खरोखर १९८५ चा वाटेल का? रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एक चालू स्थितीतला डेक पाहिला आहे आणि मुलीला माझा तो दावा अजून सिद्ध करून दाखवायचा आहे.

फेडर

डेक घेण्याआधी त्याचे रबरी पट्टे आणि हेड पाहून घ्या. पट्टे सैल असतील तर सूर लोंबकळेल. शंका पोरकट नाही, मी काल रात्रीच करून पाहिले. साध्या फितीवर ‘बुलेटप्रूफ’ उतरवले, ती कॅसेट दुसऱ्या डेकवर, तिथून तिसऱ्यावर. झांजेची धार गेली, ‘स’ आणि ‘श’ बोथट झाले, सरसर आली, आणि मध्यावर जिथे तिचा आवाज यंत्रातून काढल्यासारखा होतो तिथे तर मीही क्षणभर फसलो. पण मोठा भाग आला की भिंत पुन्हा उभी राहते. फितीला ती पातळी झेपत नाही आणि आवाज फाटतो. त्यावर उपाय आहे. उतरवताना नोंदीचा काटा तांबड्याच्या बराच खाली ठेवा आणि कॅसेट मुलीच्या हाती देण्याआधी पाठीवर बॉलपेनने ‘इंग्लिश, नवीन’ लिहायला विसरू नका.